न बघितलेल्या मालाची हमी

नव्वद सालच्या विधानसभा निवडणुकीला अपक्ष उभं राहायचं म्हणून शेवखारचा काशिराम कोळी पनवेलच्या प्रांत ऑफिसात गेला. अर्ज, अनामत, सूचकाची सही असं सगळं बिनबोभाट पार पडलं, आणि शपथेपाशी येऊन गाडी अडली.

तसा काशिराम अडून बसणारा माणूस नव्हता. पन्नाशीचा, वल्ही मारमारून खांदे रुंद झालेला, बोलायला मऊ. उरणच्या खाडीकाठचं शेवखार म्हणजे दीडशे उंबऱ्यांचा कोळीवाडा, आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचा तो चेअरमन. गावाला होड्या लावायला धक्का हवा होता. आठ वर्षं अर्ज देऊन झाले, पण प्रत्येक साहेब 'बघतो' म्हणायचा आणि बदलून जायचा. शेवटी गावच्या पंचांनी ठरवलं, आपलाच माणूस उभा करायचा. आला निवडून तर उत्तम. पडला तरी मोठे पुढारी माघार घे म्हणून दारात येतील, तेव्हा धक्क्याचं बोलता येईल. पंचांचा म्होरक्या विठू नाखवा. काशिरामच्या अर्जावर सूचक म्हणून सही त्याचीच, आणि आता तो बाहेरच्या बाकावर विडी ओढत वाट बघत बसला होता.

आत अव्वल कारकून कमळाकर टिपणीसांनी छापील कागद पुढे सरकवला. टिपणीसांची ओळख जुनी. काशिरामची बायको शांती पनवेलच्या मच्छी मार्केटात बसायची, आणि टिपणीस दर रविवारी नवीन पनवेलहून सायकल मारत तिच्याकडे जिताडा घ्यायला जायचे.

"हे साहेबांसमोर मोठ्यानं वाचायचं आणि सही करायची," टिपणीस म्हणाले. "दोन प्रकार आहेत. देव मानणाऱ्यानं 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणायचं. तसं नको असेल तर 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो'. एक ठेवायचं, दुसरं खोडायचं. तुमचं काय, देवाचंच असणार."

हे त्यांनी काशिरामच्या कपाळावरची हळद बघूनच म्हटलं. थोड्याच वेळापूर्वी एका मोठ्या पक्षाचा उमेदवार हार-तुऱ्यांसकट येऊन गेला होता. त्यानं ही शपथ एका दमात, शेवटचा शब्द गिळत म्हटली होती आणि फोटोग्राफरला विचारलं होतं, "आला का?"

काशिराम चौथी शिकलेला. त्यानं अक्षरांखाली बोट धरून वाचायला घेतलं. 'संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन' इथवर आला आणि बोट थांबलं.

"साहेब, संविधान म्हंजे?"

"राज्यघटना हो. देशाचा मूळ कायदा," टिपणीस म्हणाले.

"म्हंजे बुक हाय?"

"बुकच. चांगलं जाडजूड."

"दाखवा."

प्रांतसाहेब तरुण होते, पुण्याचे. त्यांनी फाइलीतून मान वर केली. "काय दाखवा?"

"ते बुक, साहेब. रागावू नका. मी आईचं नाव घेऊन म्हननार का याच्यावर माझी खरी श्रद्धा हाय, न् मी ते डोल्यांनी बघितलेला पन नाय. माझी बायको गिऱ्हाइकाला मासा देते तर आधी कल्ला उघडून दावते. विचारा टिपणीस साहेबांना. न बघितलेल्या मालाची हमी मी कशी देऊ? ती पन आईच्या नावानं?"

टिपणीसांनी नकळत मान डोलावली. कल्ल्याची गोष्ट खरी होती.

"अहो, आजवर कुणी असं विचारलेलं नाही," साहेब म्हणाले.

"त्यांच्या देवाला चालत असंल."

यात काशिरामचा आगाऊपणा काही नव्हता. आई म्हणजे शेवखारची गावदेवी. मुठीत हळद धरून तिच्यासमोर शब्द दिला की तो मरेपर्यंतचा, आणि मोडणाऱ्याची होडी खाडीतून परत येत नाही, हे तिथलं पोर चालायच्या आधी शिकायचं.

साहेबांना आधी हसू आलं, मग ते गंभीर झाले. "टिपणीस, द्या यांना एक प्रत."

ऑफिसातली तिन्ही कपाटं उघडली गेली. खारबंदिस्तीचे नकाशे निघाले, मागच्या तीन निवडणुकांच्या मतदार याद्या निघाल्या, एक पातं मोडलेला पंखा निघाला. घटना काही निघाली नाही. साहेबांचे कान लाल झाले. समोरच्या वकिलाकडे शिपाई धाडला, तर त्यांच्याकडची प्रत इंग्रजीत.

"एसटी डेपोतल्या ओव्हाळांकडे असेल," टिपणीसांना आठवलं. "जगन ओव्हाळ, कंडक्टर. त्यांच्या घरी मी बघितलीय. पण काशिरामभाऊ, एक लक्षात ठेवा. गुरुवारी छाननी. बुधवारी ऑफिस सुटायच्या आत शपथ झाली नाही तर अर्ज बाद. आज सोमवार आहे."

बाहेर विठू नाखव्यानं हे ऐकलं आणि त्याची विडीच विझली. "आरं, शपथच ना? बोलून टाकायची न् मोकला व्हायचा! धक्का बांधायचाय, का पोथी वाचायचीय?"

"दोन दिस हायत, नाखवा," काशिराम म्हणाला आणि डेपोच्या दिशेनं चालू लागला.

जगन ओव्हाळ नुकताच ड्युटीवरून आला होता. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली फळी, आणि फळीवर पांढऱ्या कापडात बांधलेलं पुस्तक. काशिरामनं चपला बाहेर काढल्या. ते पुस्तक देवाच्या जागी ठेवलंय हे त्याला सांगावं लागलं नाही.

सगळी हकिगत ऐकून ओव्हाळ पोट धरून हसला. "वीस वर्षं तिकिटं फाडतोय. या रूटवरचे सगळे पुढारी माझ्या गाडीतून गेलेत. वाचून शपथ घेणारा एक नाही बघितला." त्यानं कापडासकट पुस्तक काशिरामच्या हातात दिलं. "तीन अटी. पान दुमडायचं नाही. माशांचे हात लावायचे नाहीत. आणि नुसतं पहिलं पान वाचून परत आणायचं नाही. लोक तेवढंच वाचतात."

मंगळवारी दुपारी काशिरामच्या ओट्यावर वाचन बसलं. वाचणार निशा, त्याची मुलगी, उरणला बारावीत शिकणारी. तिनं साबणानं दोनदा हात धुतले. काशिराम चेअरमन, त्यातून उमेदवार, त्यामुळे पंधरा-वीस माणसं जमली. विठू नाखवा खांबाला टेकून पुढेच बसला.

सुरुवात झोकात झाली. पहिल्या पानावर श्रद्धेचा शब्द पुन्हा आला. ज्याला जे मानायचं ते मानायचं स्वातंत्र्य, असा त्याचा अर्थ निशानं सांगितल्यावर काशिरामला जरा हायसं वाटलं. म्हणजे हे पुस्तक आईच्या जागेवर बसायला आलेलं नव्हतं. मग काही पानं ओलांडून राष्ट्रपती कसा निवडायचा हे सुरू झालं आणि जमलेल्यांतले दोघं चक्क घोरू लागले. निशानं शहाणपण केलं, पानं मागे उलटली आणि माणसांच्या हक्कांचा भाग काढला.

"कायद्यापुढं सगली सारखी," ती वाचून आपल्या भाषेत सांगू लागली. "न् कायद्याचा आसरा कोनालाच नाकारता येनार नाय."

"परत वाच," काशिराम म्हणाला.

तिनं परत वाचलं. ओट्यावरच्या सगळ्यांचे डोळे गल्लीच्या टोकाला गेले. तिथं एक घर होतं, दार ओढून घेतलेलं. दादूचं.

दादू आणि काशिराम एका होडीवर वाढलेले. अडीच वर्षांपूर्वी खाडीत जाळं लावायच्या जागेवरून दादूचा विठू नाखव्याच्या भावाशी तंटा झाला. पंचांनी निकाल भावाच्या बाजूनं दिला. तो दादूला पटला नाही आणि तो सरळ पनवेलच्या कोर्टात गेला. गावाचा शब्द ओलांडून कोर्टात! पंचांनी त्याला वाळीत टाकलं. पाचही जणांनी देवळात मुठीत हळद धरून आण घेतली, की दादूच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही, त्याच्या घरी पाणी कुणी देणार नाही, त्याच्याशी बोलणार नाही. त्या पाचांत काशिराम एक होता. मागच्या मे महिन्यात दादूच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं. मांडवात गावातलं एक माणूस नव्हतं. काशिराम त्या दिवशी मुद्दाम भल्या पहाटे खाडीत गेला होता आणि अंधार पडेपर्यंत आला नव्हता.

"पोरी, पुढचा वाच," विठू नाखवा म्हणाला. "समद्रावरचा काय लिवलाय का बघ."

निशानं पानं उलटली. नागरिकांची कर्तव्यं निघाली. सगळ्या लोकांत बंधुभाव वाढवायचा, असं एक वाक्य होतं. विठू नाखवा उठला, धोतर झटकलं आणि 'सांजचा बघू' म्हणत निघून गेला. त्याच्या मागोमाग ओटा रिकामा झाला.

शांती मार्केटातून परतली होती आणि दारात बसून सगळं ऐकत होती. काशिराम तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी आन घेतलीय, शांते."

"ठाव हाय. आता उद्या दुसरी घ्याल. दोन्ही एका तोंडात कशा मावतील ते तुमीच बघा."

निशाला युक्ती सुचली. "बाबा, देवाचा खोडून टाका ना. नुसती प्रतिज्ञा करा. म्हंजे आईचा सवालच नाय."

"म्हंजे खोटाच बोलायचा, फकस्त आईला न सांगता?"

काशिरामनं पुस्तक कापडात बांधलं आणि मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याला वाटलं, भलत्या फंदात पडलो. तो मोठा उमेदवार आत्तापर्यंत चार सभा घेऊन मोकळा झाला असेल.

"मी एक इचारू?" शांती म्हणाली. "दादूला वालीत टाका म्हून आई तुमच्या सपनात आली होती?"

"असा काय बोलतंस?"

"मग तुमी पाच बाप्यांनी ठरवला, न् नाव घातलाव तिचा. दादूची बायको माझ्यासमोरून पानी न्यायला अर्धा कोस जाते. मी देवलात जाते तवा आईकडं बघवत नाय मना. तुमाला बघवतंय?"

अडीच वर्षांत काशिरामही देवळात मान खाली घालूनच उभा राहत होता. फक्त हे दुसऱ्या कुणाला दिसलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो आंघोळ करून देवळात गेला. निरोप धाडून पंचांना बोलावून घेतलं. पंच आले, त्यांच्यामागे गाव आलं. काशिरामनं मुठीत हळद घेतली.

"आई," तो म्हणाला, "अडीच वर्सांमागं मी तुझ्यासमोर दादूची आन घेतली. ती तुझी नवती. माझ्या रागाची होती, न् मी तुझं नाव लावला. ती मी तुझ्या पायाशी परत ठेवतोय. चूक माझी. शिक्षा द्यायची ती मना दे, माझ्या पोरांना नको." आणि त्यानं मूठ देवीच्या पायावर रिकामी केली.

विठू नाखवा पांढरा पडला, मग तांबडा झाला. "काशा, आन मोडलेल्याची होडी परत येत नाय, इसरलास?"

"नाय इसरलो, नाखवा. म्हून तर रातभर डोला लागला नाय."

"न् मतां? गावची मतां इसर!"

"तुमी सूचक हाव माझं," काशिराम म्हणाला. "ते तरी कुठं खोडता येतंय आता?"

मागून कुणीतरी खुसकन हसलं. विठू नाखव्यानं वळून बघितलं, पण कोण हसलं ते सापडलं नाही.

काशिराम देवळातून निघाला तो थेट गल्लीच्या टोकाला. दार लोटलं. दादू आत जाळं विणत बसला होता. अडीच वर्षांत केस पिकले होते त्याचे. त्यानं वर बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलला ते असं:

"मतां मागायला आलास?"

काशिरामला राग यावा अशी ही गोष्ट होती, पण त्याला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. "तुझ्या घरात चार मतां हायत. एक पन नको देऊस मना. पानी दे."

दादू बराच वेळ सुईत अडकलेला दोरा सोडवत राहिला. मग आतल्या दिशेनं ओरडला, "अगो, पेला घासून आन. पावन्यांच्या पेल्याला कोनी हात लावला नाय कवाधरून."

पाणी आलं. काशिरामनं उंबऱ्यात उभं राहून, गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असं, पेला रिकामा केला. "पोरीच्या लग्नाला आलो नाय," तो म्हणाला. "आता ते काय परत व्हनार नाय."

"नाय व्हनार," दादू म्हणाला. "पन धाकटी हाय अजून."

या सगळ्यात दुपारची एसटी गेली. पुढची मिळून काशिराम पुस्तक बगलेत घेऊन पनवेलला उतरला तेव्हा चार वाजून गेले होते. प्रांत ऑफिसात टिपणीस दारातच उभे होते, घड्याळाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीनं बघत.

"वाचलं का?" साहेबांनी विचारलं.

"सगला नाय, साहेब. बरंच राहिला. पन जेवढा वाचला तेवढ्यात माझं काम झाला. माल चोख हाय. आता कागद द्या."

टिपणीसांनी कागद दिला आणि सवयीनं प्रतिज्ञेच्या शब्दांवर रेघ मारायला पेन उचललं. काशिरामनं त्यांचा हात धरला.

"ते नको खोडू. ईश्वराचा खोडा."

टिपणीस बघतच राहिले. "काशिरामभाऊ, तुम्ही? तुम्ही देव मानत नाही?"

"मानतो म्हून तर. एकदा तिला साक्षीला बोलावला न् तिच्या नावावर माझा राग खपवला. आता या टायमाला शबुद माझा एकट्याचा. मोडला तर काशिराम खोटा, आई नाय." त्यानं साहेबांकडे बघितलं. "चालतंय ना कायद्यात?"

"चालतं," साहेब म्हणाले. "दोन्ही सारखंच."

आणि का कोण जाणे, काशिरामनं बोट धरून वाचायला सुरुवात केली तेव्हा साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. साहेब उभे म्हटल्यावर टिपणीस उभे, शिपाई उभा. वाचायला चांगली दोन मिनिटं लागली. 'सार्वभौमता' या शब्दावर तो दोनदा अडखळला, मागे गेला आणि पूर्ण म्हणूनच पुढे आला. त्या मतदारसंघात त्या वर्षी चौदा जण उभे होते. देवाच्या नावावर रेघ मारणारा तो एकटाच, आणि चौदांत त्याच्याइतका देवभोळा दुसरा कुणी नसेल.

तो निघाला तेव्हा साहेबांनी हळूच विचारलं, "ते पुस्तक दोन दिवस माझ्याकडे ठेवता येईल?"

"माझं नाय, साहेब. ओव्हाळांचं हाय. त्यांना इचारतो. पन पान दुमडू नका, त्यांना चालत नाय."

पुढचं सांगायचं तर निवडणूक काशिराम पडला. चिन्ह म्हणून त्यानं होडी मागितली होती, मिळाली शिडी. ती रिक्षावर बांधून आठ दिवस फिरला. मतं पडली एक हजार नऊशे सहा, आणि अनामत गेली. विठू नाखव्यानं गावात कुणालाही मत द्या म्हणून सांगितलं होतं, फक्त काशिरामला सोडून. पण तेव्हा मोजणीत सगळ्या गावांची मतं एकत्र मिसळायची, त्यामुळे शेवखारनं काय केलं ते कुणालाच कळलं नाही. धक्क्याबद्दल निवडून आलेला माणूस 'बघतो' म्हणाला.

गावानं खरं मत दिलं ते त्याआधी, शपथेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. काशिराम दादूला घेऊन खाडीत गेला. किनाऱ्यावर बायामाणसं उभी होती. काही काळजीनं, काही नुसती काय होतं ते बघायला. शांती देवळात जाऊन बसली होती आणि उठत नव्हती. होडीत काशिरामही प्रत्येक लाटेला चपापत होता. दुपारी होडी परत आली. पाटीत बोंबील होते, नेहमी असतात तेवढेच. जास्त नाहीत, कमी नाहीत. कुणीतरी वाकून पाटीत बघितलं आणि म्हणालं, "एवढंच?" आणि लोक आपापल्या कामाला लागले. त्या संध्याकाळी शेजारच्या दोन बाया दादूच्या बायकोला नळावर घेऊन गेल्या. महिनाभरात अर्धं गाव बोलू लागलं. उरलेल्या अर्ध्यानं बघून न बघितल्यासारखं केलं, जे शेवखारात जवळजवळ बोलण्यासारखंच होतं. विठू नाखवा तेवढा घुम्यासारखा राहिला. काशिराम समोरून आला की तो खाडीकडे बघायचा.

चैत्रात देवीची पालखी निघाली. पालखी दारोदार थांबते, घरची बाई आईची ओटी भरते. गल्लीच्या टोकाशी आल्यावर पुढचे भोई घुटमळले. मागची दोन वर्षं ती इथूनच वळत होती. दादूची बायको ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. पुढे यावं की आत जावं, तिला कळत नव्हतं. काशिराम मागच्या दांडीला होता. त्यानं पाय पुढे टाकला. पण पुढचे हलल्याशिवाय पालखी हलत नाही. ढोल वाजतच होते, आणि सगळे उभे.

विठू नाखवा बाजूनं चालत होता. त्यानं एकदा दादूच्या दाराकडे बघितलं, एकदा पालखीतल्या आईकडे बघितलं, आणि पुढच्या भोयावर खेकसला, "आरं, हुबं काय राव्हलाव? उन्हात तापतेय ती! दमलास तर दे इकडं." त्यानं त्याला बाजूला सारलं, दांडीखाली आपला म्हातारा खांदा दिला, आणि पालखी दादूच्या दाराकडे वळली.